मत ठरवताना चार वर्षांपूर्वीचे वादळ कुठे जाते?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात, त्यामुळे त्या दिवशी ज्याची वाडी गेली त्याचे नुकसान एका हंगामापुरते नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, आणि जुलैच्या २२ तारखेला चिपळूण आणि महाड पाण्याखाली होते. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. या सर्वांनंतर रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले ते ७ मे २०२४ रोजी. तोवर निसर्ग वादळाला जवळजवळ चार वर्षे आणि महापुराला पावणेतीन वर्षे उलटून गेली होती.

पाच वर्षांच्या कारभाराचा हिशेब करताना मतदाराच्या मनात इतक्या जुन्या घटनेला किती वजन उरते? राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला आहे, आणि त्यांची उत्तरे कोकणातल्या मतदाराने माहीत करून घ्यावीत इतकी महत्त्वाची आहेत, असे मला वाटते.

अँड्र्यू हीली आणि गेब्रिएल लेन्झ या अमेरिकी संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मतदारांना विचारले की, सरकारचे मूल्यमापन कोणत्या काळावरून करावे. लोकांचे म्हणणे असे की, संपूर्ण कार्यकाळाचा विचार व्हावा. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या निर्णयावर निवडणुकीच्या वर्षातील आर्थिक स्थितीचाच प्रभाव सर्वाधिक पडत होता. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की, अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळाच्या चार वर्षांची गोळाबेरीज करणे अवघड असते, शेवटच्या वर्षाची माहिती सहज हाताशी असते, आणि मन नकळत अवघड प्रश्नाच्या जागी सोपा प्रश्न ठेवून त्याचे उत्तर देते. आपण संपूर्ण काळाचाच निवाडा केला, असे मतदाराला प्रामाणिकपणे वाटत राहते.

मनाची ही रीत राजकारणापुरती मर्यादित नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या थंड पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावले. दुसऱ्यांदा तेच एक मिनिट आणि त्यानंतर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले गेले. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास अधिक असलेला अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. त्रास किती वेळ झाला याची नोंद स्मृती नीट ठेवत नाही; सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढेच ती ठळकपणे जपते. निवडणुकीच्या तोंडावर रस्त्यांवर डांबर पडते आणि भूमिपूजनांचे नारळ फुटतात, त्यामागे हेच ज्ञान असते, मग ते कोणी शास्त्र म्हणून शिकलेले असो वा नसो.

भारतातील पुरावाही याच दिशेचा आहे. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी आपल्याकडील पाऊस, सरकारी मदत आणि निवडणूक निकाल यांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, पावसाने दगा दिला किंवा तो अति झाला, तर मतदार सत्ताधारी पक्षाला त्याची शिक्षा देतात, जरी पाऊस कोणाच्या हाती नसला तरी. मात्र सरकार मदतीला झटून धावले, तर ती शिक्षा सौम्य होते. म्हणजे मतदार आंधळेपणाने राग काढत नाहीत, कामही पाहतात, आणि ही बाब मला आश्वासक वाटते. पण याच अभ्यासातील पुढचा निष्कर्ष असा की, हा हिशेब मुख्यतः निवडणुकीच्या आधीच्या एका वर्षापुरताच चालतो असे दिसते, आणि सरकारेही निवडणुकीच्या वर्षी मदतीचा हात अधिक सैल सोडतात.

मतदारांच्या अविवेकाची उदाहरणे सांगताना संशोधक कधीकधी घाई करतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९१६ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यांत चार जण मरण पावले आणि त्याचा फटका त्या वर्षीच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना बसला, असा दावा पुष्कळ गाजला. पुढे २०१८ साली झालेल्या फेरतपासणीत त्याचा पुरावा कच्चा असल्याचे दिसून आले.

कोकणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मात्र हीली आणि नील मल्होत्रा यांचा, २००९ सालचा आहे. अमेरिकेतील आपत्तीविषयक खर्च आणि मतदान यांची सांगड घालून त्यांनी दाखवले की, आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीसाठी मतदार सत्ताधाऱ्यांना मते देतात, आपत्तीपूर्वीच्या तयारीवर केलेल्या खर्चाची मात्र दखल घेत नाहीत. त्यांच्याच अंदाजानुसार तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढील काळातील सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान टाळतो. जे काम पंधरापट फायद्याचे, त्याला मत नाही. मग ते काम कोण करणार?

आपल्याकडे ही गोष्ट डोळ्यांसमोर आहे. निसर्ग वादळानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक वाडीवाडीत पंचनामे करत फिरले. भरपाईचा निकष हेक्टरी, आणि वाड्या मोजायच्या गुंठ्यांत. दहा-बारा गुंठ्यांच्या आगरातली सगळी पोफळ मोडली तरी हेक्टरी हिशेबाने पदरात फार थोडे पडते, म्हणून झाडामागे मदतीची मागणी झाली आणि पुढे ती मान्यही झाली. हा सगळा व्यवहार बागायतदाराने जवळून पाहिला, त्यामुळे तो त्याच्या लक्षात राहतो. याउलट भूमिगत वीजवाहिनी, चक्रीवादळ निवारा केंद्र, समुद्राचे खारे पाणी अडवणारे खारभूमीचे बांध, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतील गाळ काढणे ही कामे यशस्वी झाली, तर काहीच घडत नाही. वीज गेली नाही, पाणी बाजारपेठेत शिरले नाही, ही बातमी होत नाही. किनारी राज्यांसाठी आखलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता आणि त्यात अशाच कामांची तरतूद होती. पण प्रचारसभेत त्यांच्या प्रगतीविषयी प्रश्न विचारला गेल्याचे क्वचितच ऐकू येते.

यात आणखी एक अडचण आहे ती जबाबदारी कोणाची हे ठरवण्याची. वीजवितरण राज्याच्या कंपनीकडे आहे, पंचनामे राज्याचा महसूल विभाग करतो, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे आणि गावातली पाखाडी, म्हणजे पायवाट, ग्रामपंचायतीची. लोकसभेचे मत देताना पाखाडीचा राग खासदारावर काढणे जितके चुकीचे, तितकेच महामार्गाचे अपयश सरपंचाच्या माथी मारणे चुकीचे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, पण त्याचे खरे काम संसदेत असते: प्रश्न विचारणे, विधेयकांवर बोलणे, समित्यांत बसणे. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी रायगड मतदारसंघात येतात, त्यामुळे तेथील मतदाराने कोणाचे काम तपासायचे हेही आधी पाहून घ्यावे.

हीली आणि लेन्झ यांच्या अभ्यासात एक दिलासाही आहे. मतदारांसमोर संपूर्ण कार्यकाळाची माहिती एकत्रित आणि सोप्या स्वरूपात ठेवली, तेव्हा शेवटच्या वर्षाकडे झुकणारा कल जवळजवळ नाहीसा झाला. दोष बुद्धीत नसून माहितीच्या मांडणीत आहे, हे यावरून दिसते, आणि अशी मांडणी घरच्या वहीतही करता येते. वर्षागणिक एक पान, त्या वर्षी आपल्या तालुक्यात काय घडले, कोणी काय आश्वासन दिले, त्यातील केंद्राचे काय आणि राज्याचे काय, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. खासदाराची उपस्थिती आणि त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी खटले यांचे शपथपत्र, जे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयामुळे मतदारांना उपलब्ध झाले, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

वहीतले आपत्तीपूर्वीच्या तयारीचे पान मात्र विचारल्याशिवाय भरत नाही. मतदान संपण्यापूर्वी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो, तोपर्यंत उमेदवार वाडीवस्तीवर येत असतात, आणि तेव्हाच त्यांना नेमके प्रश्न विचारावेत. आपल्या गावची वीजवाहिनी भूमिगत करण्याच्या यादीत आहे का? निवारा केंद्र बांधून झाले असेल, तर त्याची किल्ली कोणाकडे असते आणि तेथील जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला? खारबांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, दुरुस्त करायला पैसे कोणत्या वर्षी मंजूर झाले? उत्तरे तारखेसह त्याच वहीत उतरवून ठेवली, म्हणजे पुढच्या पाच वर्षांनी ताडून पाहता येतील.