ढिगाऐवजी यादी: अमेरिकेतल्या नाताळ पक्षिगणनेची पार्श्वभूमी

डिसेंबरच्या मध्यापासून अमेरिकेतल्या आडबाजूच्या काउंट्यांमध्ये भल्या पहाटे परक्या गाड्या रस्त्याकडेला उभ्या दिसू लागतात. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण बहुतेक ठिकाणी आकाराने बराच लहान.) आत तीन-चार माणसं, गळ्यात दुर्बिणी, मांडीवर नकाशा. कुणी घुबडाच्या आवाजासाठी कान लावून बसलेलं, कुणी मका काढून नेलेल्या शेतात उतरलेल्या चंडोलांचा थवा मोजतंय. ही नाताळची पक्षिगणना, आणि तिचं मूळ मात्र शिकारीच्या एका चढाओढीत आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथे नाताळला ‘साइड हंट’ चालायची. दोन तट पाडायचे, रानात शिरायचं, दिसेल ते पाखरू नि जनावर टिपायचं आणि संध्याकाळी ढीग लावायचे. ज्याचा ढीग मोठा, तो तट जिंकला. मारलेल्याचा उपयोग काय, हा प्रश्नच नव्हता. शहरांत पिसांच्या टोप्यांचं वेड तर याहून महागात पडत होतं. फ्रँक चॅपमन या तरुणाने १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोनदा फेरफटका मारून बायकांच्या ७०० टोप्या पाहिल्या. त्यांतल्या पाचशेहून अधिक टोप्यांवर पिसं होती, आणि त्यावरून त्याने ४० जातींचे पक्षी ओळखले. मला तर ही टोपीगणनाच त्याची पहिली पक्षिगणना वाटते.

पुढे चॅपमन न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पक्षितज्ज्ञ झाला आणि ‘बर्ड-लोर’ नावाचं मासिक चालवू लागला. १९०० च्या मे महिन्यात चोरट्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा झाला. त्याच डिसेंबरात चॅपमनने वाचकांना सुचवलं, की नाताळला बाहेर पडा, पण पक्षी मारू नका, मोजा. निघण्या-परतण्याची वेळ, हवामान, वारा, जात आणि संख्या लिहून पाठवा. त्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ जणांनी मोजणी केली आणि सुमारे ९० जाती नोंदवल्या. चढाओढ त्याने मोडून काढली नाही, फक्त ढिगाच्या जागी यादी आणली. आजही शेजारच्या गटापेक्षा दोन जाती जास्त मिळाल्या, की माणसं खुशीत असतात.

नियम हळूहळू बसत गेले. आता प्रत्येक गणनेला २४ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ ठरलेलं असतं, दोन वर्तुळं एकमेकांवर चढत नाहीत आणि १४ डिसेंबर ते ५ जानेवारी यांतला एकच दिवस निवडायचा असतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचारशे चौरस किलोमीटरच्या वर जातं. एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणून त्याचे तुकडे पाडून गटांत वाटतात. प्रत्येक गटाचे तास आणि अंतर वेगळं लिहितात, चालत किती आणि गाडीने किती तेही. दहा जणांनी पाहिलेले शंभर पक्षी आणि दोघांनी पाहिलेले शंभर, यांचा अर्थ एक नसतो.

अडचण अशी, की मोजणारे राहतात शहरांजवळ, त्यामुळे वर्तुळांची गर्दीही तिथेच. शेतीच्या विरळ वस्तीच्या काउंट्यांत माणूसबळ तुटपुंजं, आणि माळरानाचे पक्षी तर नेमके तिथेच. त्यामुळे बाहेरून गाड्या भरून जाण्याला पर्याय उरत नाही.

हाच दोष टाळायचा वेगळा प्रयत्न चँडलर रॉबिन्स या अमेरिकी पक्षितज्ज्ञाने केला. डीडीटीच्या फवारणीने पक्षी मरत असल्याच्या बातम्या येत होत्या, पण देशभरात किती घटले, हे सांगायला आकडे नव्हते. १९६६ मध्ये त्याने विणीच्या हंगामातली गणना सुरू केली. यातले मार्ग हौशी मंडळी निवडत नाहीत, ते यदृच्छेने ठरवलेले असतात. साधारण ४० किलोमीटरचा गावाकडचा रस्ता, त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. काम रटाळ आहे, पण म्हणूनच भरवशाचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २.९ अब्ज पक्षी कमी झाल्याचं दाखवलं, त्यात या दोन्ही गणनांचे आकडे वापरले होते. गवताळ माळावरच्या पक्ष्यांची संख्या तर निम्म्याहून खाली आली आहे.

आपल्याकडे जानेवारीत होणारी पाणपक्ष्यांची गणना (भारतीय उपखंडात १९८७ पासून) या घराण्यातली नव्हे. तिचं मूळ १९६७ च्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेत आहे. अंगणातल्या पक्ष्यांच्या फेब्रुवारीतल्या गणनेत मात्र भारत २०१३ पासून सामील आहे, आणि ती १९९८ मध्ये अमेरिकेतच सुरू झाली.

नाताळच्या गणनेचा दिवस संपतो तो जेवणाने. सगळे गट एखाद्या सभागृहात किंवा कुणाच्या घरी जमतात, गरम सूप वाढलं जातं आणि संयोजक एकेका जातीचं नाव पुकारतो. गट आपापला आकडा सांगतात. बॉबव्हाइट हा लाव्यासारखा शेतातला पक्षी, पूर्वेकडच्या अनेक वर्तुळांत एकेकाळी ठरलेला. आता पेनसिल्वेनियातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. तरी कुठे कुठे त्याचं नाव अजून पुकारलं जातं.