सुकलेल्या खुळखुळ्यावरची गर्दी

दिवाळी सरली की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पायवाटांवर खुळखुळ्याच्या शेंगा वाळून वाजायला लागतात. मागच्या वर्षी पाटोणपाड्याच्या बाजूला अशाच एका मोडक्या फांदीवर पंधरावीस ब्लू टायगर फुलपाखरं दिसली. फांदीला फूल एकही नव्हतं! वाकून पाहिलं, तर ती पायांनी सुकं पान खरवडत होती, सोंडेतून थेंबभर द्रव त्यावर सोडत होती आणि तोच पुन्हा शोषून घेत होती. मोळी घेऊन चाललेल्या वारली मावशी थांबल्या. म्हणाल्या, “वल्या झाडावर नाय येत. मोडून सुकली का मंग येतात.”

ही ओढ आहे खुळखुळ्यातल्या पायरोलिझिडीन अल्कलॉइड या विषारी द्रव्यांची. गुरांच्या यकृताला ती घातक. ब्लू टायगरच्या कुळातली फुलपाखरं मात्र ती अंगात साठवतात आणि शत्रूंना बेचव होतात. फांदीवर येतात ते बहुतेक नरच, कारण याच विषापासून ते मादीसाठी अत्तर बनवतात. पोटाच्या टोकाशी दडवलेले केसांचे झुपके उलगडून ते हा गंध तिच्याभोवती पसरवतात.

कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि रसायनशास्त्रज्ञ जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६६ मध्ये त्रिनिदादच्या, याच कुळातल्या लायकोरिया फुलपाखराच्या झुपक्यांतली द्रव्यं ओळखली. पुढे ‘क्वीन’ या फुलपाखरात डॅनाइडोन हे गंधद्रव्य सापडलं. पण बंदिस्त जागेत वाढवलेल्या नरांत ते जवळपास नव्हतंच. अळ्यांना रुईच्या कुळातला पाला पोटभर मिळाला होता, पंख धड होते, तरी माद्या त्यांना सहज दाद देत नव्हत्या. काचेच्या नळ्यांत याचं उत्तर नव्हतं. ते रानातल्या सुकलेल्या झाडांवर होतं.

कीटक आणि झाडांमधल्या गंधांच्या या शास्त्रातलं एक तंत्र मला फार आवडतं. फुलाचा किंवा पानाचा गंध यंत्रातून एकेक द्रव्य वेगळं करत सोडतात आणि वाटेत दोन विद्युतअग्रांमध्ये कीटकाची खरीखुरी मिशी बसवतात. शेकडो द्रव्यं जातात, मिशी गप्प असते. मग एखादंच द्रव्य येतं आणि पडद्यावरची रेघ थरथरते. ती रेघ वाचायला मज्जाशास्त्र लागतं, द्रव्य ओळखायला रसायनशास्त्र, आणि मुळात कुठलं पान आणायचं हे सांगायला रान पाहिलेला माणूस.

माझी मैत्रीण ठाण्यात कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. तिला हे सगळं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “फांदी मोडून किती दिवस झाले होते?” मला सांगता येईना. शनिवारी आम्ही दोघी मावशींना शोधत पाड्यावर निघालोय.