छप्पर धुणे, प्रेशर वॉशरने

राहत्या घराच्या छपरावरचे शेवाळ, दगडफूल, काजळी, पक्ष्यांची विष्ठा आणि काळे ओघळ प्रेशर वॉशरच्या पाण्याने काढण्याची पद्धत. या यंत्रात मोटर किंवा इंजिनावर चालणारा पंप साध्या नळाच्या पाण्याचा दाब अनेक पटींनी वाढवतो आणि ते पाणी गनच्या टोकावरील बारीक नोझलमधून सोडतो. १९५० साली जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र बनवले. घरगुती वापराची सुटसुटीत यंत्रे त्यानंतर काही दशकांनी आली.

घरगुती विजेच्या यंत्राचा दाब साधारण ९० ते १४० बार असतो (बार हे दाबाचे एकक, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), पेट्रोलवरच्या यंत्राचा त्याहून बराच जास्त. १०० बार दाबाचे पाणी नोझलमधून सुटते तेव्हा त्याचा वेग सैद्धांतिक हिशेबाने सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर भरतो. फरसबंदीवर हा जोर कामाचा असतो. छपराची गोष्ट वेगळी. छप्पर वरून पडणारे पाणी खाली वाहून नेण्यासाठी रचलेले असते, खालून वर घुसणारे पाणी अडवण्याची सोय त्यात नसते. कौलांच्या किंवा पत्र्यांच्या जोडाखाली फवारा मारला, की ज्या छपराने वर्षानुवर्षे पाऊस सोसला तेही गळू लागते. म्हणून फवारा नेहमी आढ्याकडून वळचणीच्या दिशेने, उताराबरोबर मारतात.

किती दाब चालेल हे छपराच्या साहित्यावर ठरते. डांबरी शिंगल्सवर, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या डांबराच्या चपट्या तुकड्यांवर, उच्च दाब वापरूच नये. त्यांच्या पृष्ठभागावरचे खनिज कण डांबराला उन्हापासून वाचवतात आणि फवाऱ्याने नेमके तेच निघून जातात. पन्हळीत वाळूसारखे कण जमा झालेले दिसले, तर मळाबरोबर छपराचे आयुष्यही धुतले गेले असे समजावे. शिंगल्सवरचे काळे पट्टे बहुतेकदा ग्लिओकॅप्सा मॅग्मा या सायनोबॅक्टेरियाचे (शेवाळासारख्या सूक्ष्म जिवाणूचे) असतात. त्यांच्यासाठी जोर नव्हे, रसायन लागते. मातीची जुनी कौले सच्छिद्र आणि ठिसूळ असतात. वरची कडक त्वचा उडाली की ती जास्त पाणी पितात आणि शेवाळ अधिकच जोमाने परत येते. धातूचा पत्रा दाब बऱ्यापैकी सोसतो, पण रंग सुटलेला असेल किंवा स्क्रूखालचे रबरी वॉशर वाळलेले असतील तर तोही नाही. काँक्रीटची स्लॅब सगळ्यांत दणकट, मात्र तिच्यावरचा वॉटरप्रूफिंगचा थर तसा नसतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. अशा पत्र्याला प्रेशर वॉशर कधीच लावू नये, कारण पृष्ठभाग झिजून फुफ्फुसांना घातक तंतू मोकळे होतात आणि गाळाबरोबर आवारभर पसरतात.

फवारा किती कोनात पसरतो हे दाखवणारे नोझलचे रंग बऱ्याच कंपन्यांत सारखे असतात : लाल ०, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंश, काळा साबणासाठी. छपरावर लाल आणि पिवळ्याला काम नाही. पांढऱ्या नोझलचा पंखा रुंद असतो, आणि अंतर वाढवत नेले की पृष्ठभागावरचा जोर झपाट्याने उतरतो. सुरुवात लांबून करून, एखाद्या कोपऱ्यात चाचणी घेऊन मगच जवळ जावे.

व्यवहारात सर्वाधिक भरवशाची रीत ‘सॉफ्ट वॉशिंग’ची. शेवाळाचे जाड गठ्ठे आधी मऊ ब्रशने, वरून खाली ओढत काढतात. मग सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण कमी दाबाच्या पंपाने शिंपडतात. डांबरी शिंगल्ससाठी घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मे-निम्मे, १५ ते २० मिनिटे, आणि नंतर हलक्या धारेने धुणे हे प्रमाण रूढ आहे. ढगाळ, वारा नसलेला दिवस बरा, कारण उन्हात द्रावण काम करण्याआधीच वाळते. धातूला मात्र ब्लीच गंजवते, तिथे सौम्य साबण पुरतो. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया मिसळला तर विषारी वायू तयार होतो, त्यामुळे ‘थोडे हेही टाकून पाहू’ हा प्रयोग इथे नको. खालची झाडे आधी आणि नंतर साध्या पाण्याने भिजवावीत. पावसाचे पाणी टाकीत साठवले जात असेल तर तो पाइप आधी सोडवून ठेवावा.

या कामातला सर्वांत मोठा धोका पडण्याचा. ओले शेवाळ साबणाइतके निसरडे असते आणि गनचा खटका दाबताच पाणी माणसाला मागे रेटते. मिनिटाला १५ लिटर पाणी २०० बार दाबाने सुटले, तर हा रेटा सुमारे ५ किलो वजनाइतका होतो. जमिनीवर तो जाणवतो आणि विसरला जातो, उतारावर किंवा शिडीवर तेवढ्यानेच तोल जातो. म्हणून शिडीवर उभे राहून गन चालवू नये. जमिनीवरून लांब दांड्याने किंवा कठडा असलेल्या परांचीवरून काम करावे. वर जावेच लागले तर भक्कम आधाराला बांधलेला हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) हवा. शिडीचा पाया दर चार फूट उंचीला एक फूट बाहेर आणि वरचे टोक वळचणीच्या सुमारे एक मीटर वर असावे. कौलांवर पाय रिपेचा आधार असलेल्या खालच्या कडेजवळ आणि पत्र्यावर स्क्रूच्या ओळीवर द्यावा. फायबर आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊच नये.

विजेच्या तारांपासून गन आणि दांडा दूर ठेवावा. विजेचे यंत्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवरच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच) जोडावे, पेट्रोलचे यंत्र बंदिस्त जागेत चालवू नये. आणखी एक धोका हमखास कमी लेखला जातो : फवारा त्वचेत शिरण्याचा. बोटावर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, वेदनाही सुरुवातीला फारशी नसते, पण पाणी आणि घाण आत ऊतींमध्ये पसरलेली असते. अशी जखम घरी पट्टी बांधून ठेवण्याची नव्हे. लगेच रुग्णालयात जाऊन उच्चदाब फवाऱ्याची जखम आहे हे स्पष्ट सांगावे लागते.

धुतलेल्या छपरावर शेवाळ पुन्हा येतेच, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या पाख्यावर. फांद्या छाटून ऊन आणि वारा खेळता ठेवला तर ते उशिरा येते. आढ्यालगत जस्ताची किंवा तांब्याची पट्टी बसवण्याचाही उपाय आहे. पावसाबरोबर या धातूंचे अंश खाली ओघळतात आणि वाढ रोखतात. धुराड्याच्या कडेला बसवलेल्या पत्र्याखाली छपराचा तेवढाच पट्टा स्वच्छ दिसतो, तो याच कारणाने. तांबे माशांना आणि जलजीवांना घातक असल्याने छपराचे पाणी तळ्यात जात असेल तिथे ही पट्टी वापरत नाहीत.