रोझेशिया : सोलापूर परिसरातील ओळख आणि काळजी

रोझेशिया हा गाल, नाक, कपाळ आणि हनुवटीचा दीर्घकाळ चालणारा दाहजन्य त्वचाविकार आहे. तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बायकांत तो अधिक आढळतो. कातडी जाड होऊन नाक गाठाळ होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. सोलापुरात ‘तोंडावर उष्णता उठली’ म्हणतात आणि सब्जा, गुलकंद, ताक सुरू होते. त्याने अपाय होत नाही, पण महिने निघून जातात.

ओळख. गोऱ्या त्वचेवर दिसणारी लालबुंद झाक आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर सहज दिसत नाही. गाल जांभळट किंवा काळपट वाटतात, आणि घरचे म्हणतात, ‘उन्हाने रापलीस.’ म्हणून रंगापेक्षा रुग्णाच्या सांगण्याकडे लक्ष द्यावे: चेहरा एकदम तापतो, चुरचुरतो, साधा साबणही झोंबतो. बारीक पुरळ येते, क्वचित पू धरते, पण तारुण्यपीटिकांत असतात तसे काळे-पांढरे कील त्यात नसतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पापण्यांच्या कडा सुजणे हीसुद्धा याच विकाराची खूण असू शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाला दाखवणे टाळू नये. ल्युपसमध्येही, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारातही, गालांवर चट्टा उठतो, पण तो नाकाच्या बाजूच्या घड्या बहुधा सोडून देतो. सोबत सांधे दुखत असतील किंवा ताप येत असेल तर रक्ततपासणी हवीच.

चेतवणाऱ्या गोष्टी. ऊन, उष्णता, तिखट, गरम पेये, मद्य आणि मानसिक ताण ही नेहमीची कारणे. उष्णता आणि मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे दोन्ही चेतातंतूंवरच्या एकाच ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतात. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या एप्रिल-मेच्या दुपारी तव्यावर वाकून भाकरी थापणारी बाई नंतर शेंगाची चटणी घेऊन जेवायला बसते, तेव्हा तिच्या गालांवर दोन्ही मारे लागोपाठ होतात. तिला चटणी कायमची सोडायला सांगणे निर्दयपणाचे आहे. भाकऱ्या सकाळी लवकर उरकाव्यात, तिखट कमी करून पाहावे, चहा कोमट झाल्यावर प्यावा. काय सोसते आणि काय नाही, हे महिनाभर वहीत टिपले की तिचे तिलाच कळते.

सोलापुरी टॉवेलचाही उल्लेख करायला हवा. अंग पुसायला तो उत्तम, पण त्याच्या उभ्या फासांनी चेहरा खसाखसा पुसला की चुरचुर वाढते. जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा हलकेच टेकवावा.

स्टेरॉइड मलमांचा धोका. सर्वाधिक नुकसान इथे होते. वांग जावा, रंग उजळावा म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमांत अनेकदा मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. आठवडाभर चेहरा तुकतुकीत दिसतो; महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) उमटतात आणि रोझेशियासारखाच विकार जडतो. मलम बंद करताच चेहरा भडकतो, घाबरून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. हा भडका अपेक्षित असतो. तो सोसण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाची सोबत लागते. एकटीने झगडू नये. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, तरी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपणच लावून घ्यावी.

उपचार. विकार मुळापासून जात नाही, पण उत्तम आटोक्यात राहतो. मेट्रोनिडाझोल जेल, अॅझेलाइक आम्ल किंवा 1 टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम लावायला देतात. आयव्हरमेक्टिन त्वचेवरील डेमोडेक्स या सूक्ष्म किडींवरही काम करते. पुरळ जास्त असल्यास डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक पोटात देतात, मात्र गरोदरपणात ते टाळतात. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बरेच जण त्याआधीच औषध सोडतात. उमटलेल्या केशवाहिन्यांवर लेझर चालते. सावळ्या त्वचेवर डाग पडू नयेत म्हणून ते अनुभवी डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. झिंक ऑक्साइड असलेले, किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन रोज लावावे. दुचाकीवर बांधायचा स्कार्फ सैल आणि सुती असावा. घट्ट सिंथेटिक स्कार्फ ऊन अडवतो, पण आत चेहरा उकडतो.