हनुवटीला टाके घातले, जबडा कुणी पाहिला?

उन्हाळा लागला की मराठवाड्यात अंथरुणं माळवदावर जातात. जुनं माळवद असो की नवा स्लॅब, कठडा पुष्कळ घरांना नसतो. त्यात एखादं लेकरू झोपेत किंवा खेळता खेळता खाली येतं आणि हनुवटीवर आपटतं. गावातला डॉक्टर जखम धुतो, दोन-तीन टाके घालतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो. काही दिवसांत टाके निघतात आणि घरचे निर्धास्त होतात. पण अशा पडण्यात मोठं नुकसान पुष्कळदा कानाच्या पुढे झालेलं असतं आणि तिथे बाहेरून ओरखडाही नसतो.

खालचा जबडा म्हणजे वाकलेलं एकच हाड. त्याची दोन्ही टोकं कानांच्या अगदी पुढे, कवटीच्या खोबणीत बसतात. कानात करंगळी ठेवून तोंड उघड-मिट केलं की ती हलताना बोटाला लागतात. हनुवटीवर बसलेला मार हाडातून मागे जातो आणि या टोकांखालच्या बारीक मानेवर येऊन पडतो. काचेची बांगडी एका जागी दाबली तर भलत्याच जागी तडकते, जबड्याचंही तसंच. तो बऱ्याचदा दोन ठिकाणी मोडतो. मोठ्या माणसात हाडाची ही मान मोडते, आणि ते एका परीने बरंच, कारण ती टिकली असती तर टोक वर मेंदूच्या दिशेने घुसण्याची भीती होती. पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकरांत मात्र मान आखूड, आणि टोकाचं हाड मऊ व रक्ताने भरलेलं असतं. ते चेंगरतं आणि सांध्यात रक्त साचतं. दुखतं म्हणून लेकरू तोंड हलवत नाही. साचलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू नवं हाड धरतं आणि जबडा कवटीला जखडून जातो.

हे घडायला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर पडल्याची आठवणही राहिलेली नसते. मग भाकरीचा घास तोंडात जाईना, दात घासता येईनात, दाढा किडू लागतात. जबड्याच्या वाढीचं एक महत्त्वाचं केंद्र याच टोकाशी असल्यामुळे हनुवटी मागे राहते. एकाच बाजूला मार असेल तर चेहरा त्या बाजूला वाकडा वाढतो. जीभ मागे सरकते, लेकरू घोरतं, झोपेत श्वास अडकतो. भारतात जबडा असा जखडण्याचं सर्वांत मोठं कारण लहानपणचा मार हेच आहे.

यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती अवघड. जखडलेलं हाड कापून काढायचं, मध्ये स्नायूचा पदर घालायचा, कधी बरगडीचा तुकडा बसवायचा. तोंडच उघडत नसल्याने भूल देणंही कठीण. श्वासाची नळी बहुधा दुर्बिणीच्या मदतीने नाकातून घालावी लागते. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम, नाहीतर सांधा पुन्हा जखडतो. याउलट पडल्यावर लगेच निदान झालं, तर लहान मुलांना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही. थोडे दिवस मऊ भात, वरण, पेज, मग तोंड उघडण्याचे व्यायाम आणि नियमित तपासणी एवढ्यावर भागतं. या दोन उपचारांतली दरी पाहिली की वाटतं, हनुवटीच्या प्रत्येक जखमेवर टाका घालण्याआधी तोंड उघडून पाहिलंच पाहिजे.

घरीही पाहता येतं. लेकराची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? दाढा टेकतात पण पुढचे दात उघडेच राहतात का? कानापुढे दाबल्यावर दुखतं का, कानातून रक्त आलं का? यातलं एकही दिसलं तर मुखशल्यचिकित्सक गाठा. पाटीवर ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन’ असं लिहिलेलं असतं. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर त्यांनी तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं तीन वर्षांचं शिक्षण घेतलेलं असतं. डोक्याच्या साध्या एक्स-रेत या सांध्याचा मोड निसटू शकतो. संपूर्ण जबड्याचा ओपीजी नावाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो.

डोळ्याची एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. डोळ्यावर मार बसला, डोळा पांढराशुभ्र दिसतो, सूजही फार नाही, पण लेकराला वर पाहता येत नाही आणि उलट्या होतात, तर डोळ्याखालच्या मोडलेल्या हाडात स्नायू अडकलेला असू शकतो. इथे सूज उतरायची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

मोठ्यांचे अपघात बहुतेक मोटारसायकलचे. गळीत हंगामात अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली काळासारखी असते. दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, खालचा ओठ किंवा गाल बधिर झाला, जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलं, एकाचे दोन दिसतात, यांपैकी काहीही असलं तर हाड मोडल्याचा संशय घ्यावा. नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नये. जबडा पुढून दोन्हीकडे मोडला की जीभ मागे पडून श्वास कोंडतो. माणूस शुद्धीवर असून स्वतःहून पुढे वाकून बसत असेल, तर त्याला बळेच उताणं निजवू नका, १०८ बोलवा. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका. रस्त्याची खडी आणि डांबर मात्र नीट धुऊन निघायलाच हवं, नाहीतर कातडीखाली कायमचे काळे डाग राहतात.

पक्का दात मुळासकट निखळला तर मूळ न धरता दात उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. तो परत बसवता येतो. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते लांब पडत असेल तर आधी अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. दिवाळीच्या सुमारास बीडकडून बिऱ्हाडं निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, आणि पुढची तपासणी नेमकी या महिन्यांत चुकते. ओपीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, मूळ कागद पिशवीत सोबत न्यावेत. लेकरू गावी राहणार असेल तर तोंड उघडण्याचा व्यायाम आजीला डॉक्टरांसमोरच शिकवून घ्यावा, आणि दर आठवड्याला तिला फोनवर एवढंच विचारावं: तीनही बोटं अजून जातात ना?