सहक्षेपण आणि स्थानिक कार्यक्रम (कोकण किनाऱ्यावरील नभोवाणी)

नभोवाणी केंद्राने स्वतःच्या स्टुडिओत, परिसरातल्या माणसांना बोलावून केलेला कार्यक्रम तो स्थानिक. दुसऱ्या केंद्रावर तयार झालेला कार्यक्रम तिथून घेऊन जसाच्या तसा पुढे सोडणे म्हणजे सहक्षेपण. कोणत्याही लहान केंद्राचा दिवस या दोहोंनी भरतो. भाषण, मुलाखत, चर्चा, फोन-इन अशा बोलक्या कार्यक्रमांत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. गाणे मुंबईहून लागले काय आणि रत्नागिरीहून लागले काय, ते तेच असते. बोलण्याचे विषय मात्र घाट ओलांडला की बदलतात.

अमेरिकेत सहक्षेपणाच्या या प्रकाराला सिंडिकेशन म्हणतात आणि तिथे तो उघड व्यापार आहे. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजूंना वाव देण्याचे बंधन घालणारा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नियम 1987 मध्ये रद्द झाला. त्यामुळे एकाच बाजूने बोलणारे कार्यक्रम शक्य झाले. 1988 मध्ये रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला आणि पुढे तो शेकडो केंद्रांनी घेतला. भारतात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी बदल न करता लावता येतात. त्यामुळे आपल्याकडे ही ओढाताण मुख्यतः आकाशवाणीच्या घरातच चालते: एका बाजूला दिल्ली-मुंबई, दुसऱ्या बाजूला रत्नागिरी किंवा पणजीसारखे केंद्र.

पणजीचा इतिहास या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 1946 मध्ये पोर्तुगीज राजवटीत तिथे ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र सुरू झाले. त्याला उत्तर देणारे गुप्त केंद्र 1955 च्या नोव्हेंबरात सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या जंगलातून बोलू लागले. गोवा मुक्तीचे कार्यकर्ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवीत. पुढे ते कॅसलरॉकच्या रानात हलले आणि 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कोकणी व पोर्तुगीजमधून बोलत राहिले. राज्यकर्त्यांच्या केंद्राला तोड द्यायला घाटातला एक ट्रान्समीटर आणि लोकांची स्वतःची भाषा पुरेशी ठरली, ही गोष्ट कोकणाने विसरू नये.

स्थानिक कार्यक्रमाची खरी कसोटी समुद्रावर लागते. ‘कोकण किनारपट्टीवर ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य राज्याच्या बातमीपत्रात बरोबरच असते. पण महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा आहे. डहाणूचा पाऊस आणि वेंगुर्ल्याचा पाऊस एक नव्हे. हर्णैच्या किंवा साखरीनाट्याच्या नाखव्याला विचारायचे असते ते एवढेच, की वारा कुठल्या बाजूचा, आपल्या बंदराला कितव्या नंबरचा बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) लागला, आणि बाहेर गेलेल्या होड्यांनी जवळच्या कुठल्या खाडीत शिरावे. ‘तीन नंबर लागला’ हे शब्द ज्याला सवयीचे आहेत, त्या निवेदकानेच ही सूचना द्यावी. यात तंत्राचाही भाग आहे. एफएमच्या लहरी साधारण दृष्टीच्या टप्प्यात चालतात आणि डोंगराआड अडतात. मध्यम लहर (मीडियम वेव्ह) मात्र खाऱ्या पाण्यावरून लांबवर जाते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा दिवसांत सेलवर चालणारा रेडिओ हाच बाहेरच्या जगाशी धागा असतो, आणि त्यावर आपल्या तालुक्याचे नाव ऐकू येणे फार मोलाचे असते.

शेतीचेही तसेच. राज्यभर जाणाऱ्या शेती कार्यक्रमात कापूस, सोयाबीन, ऊस आला की कोकणातला बागायतदार आवाज कमी करतो. त्याला हवी असते आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांची आणि फुलकिड्यांची माहिती, काजूवरच्या ढेकण्याची फवारणी, भाताच्या रोपांना किती दिवस झाले की लावणी करावी याचा सल्ला. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून हेच काम करीत आहे. तिथला तज्ज्ञ समोर बसवून पंधरा मिनिटे बोलता करणे जवळच्या केंद्राला सहज जमते.

सहक्षेपण वाईट असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1957 मध्ये सुरू झालेली विविध भारती, अखिल भारतीय संगीत सभा, युद्धकाळातल्या बातम्या हे सारे वाडीवाडीत पोचले ते त्याच मार्गाने. अडचण आहे ती खर्चाची. अर्ध्या तासाच्या स्थानिक कार्यक्रमाला अधिकारी, ध्वनिमुद्रण, संपादन, नैमित्तिक निवेदकाचे मानधन लागते. सहक्षेपणाला बटण पुरते. माणसे निवृत्त होत गेली आणि जागा रिकाम्या राहिल्या की बटणच दाबले जाते. जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, विरोध होताच तो स्थगित करावा लागला. यातून कमी होतात ते बोलीचे तास: मालवणी गजाली, दशावताराच्या पात्रांच्या मुलाखती, नमन आणि जाखडीचे शाहीर.

तिसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा. 2006 च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांना खुला केला. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असावेत आणि प्रक्षेपण सहसा 100 वॅटच्या आत असावे, अशी त्याची अट आहे. तो आवाज सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर जातो. कोकणात मध्ये सडा (कातळाचे पठार) किंवा डोंगर आला की त्याहूनही कमी, म्हणजे एका खाडीची दोन तीरे आणि वरच्या वाड्या.