वजनकाटा हलला नाही तरी दारं उघडलेली असतात

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तीन महिने रोज पाऊण तास चालून मग चालणं बंदच केलं, का तर वजन जेमतेम दीड किलो उतरलं. ऐकून फार वाईट वाटलं, कारण उपयोग झालेला असतो, फक्त तो काट्यावर दिसत नाही.

जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, इन्सुलिन पेशींना साखर आत घ्यायला लावतं, एवढं शाळेत झालेलं असतं. लठ्ठपणात, खास करून पोटाच्या आत चरबी साठली की, स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते वाढलेलं इन्सुलिन साठलेली चरबी बाहेर पडू देत नाही.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. स्नायूत साखर शिरायला दार लागतं, त्याचं नाव ग्लुट-४. एरवी ही दारं पेशीच्या आत बारीक पिशव्यांत पडून असतात आणि इन्सुलिन आलं की पेशीच्या कडेला येऊन बसतात. पण आपण चालतो, जिना चढतो तेव्हा आकुंचन पावणाऱ्या स्नायूत कॅल्शियम सुटतं, एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होऊन त्यातून उरणारं एएमपी वाढतं, त्याने एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, ते टीबीसी१डी१ आणि टीबीसी१डी४ या प्रोटीन्सवर फॉस्फेट चिकटवतं (ही प्रोटीन्स म्हणजे त्या पिशव्यांचे ब्रेक), ब्रेक सुटतो आणि दारं कडेला येतात, तेही इन्सुलिनशिवाय! म्हणजे इन्सुलिनला न जुमानणारा स्नायूसुद्धा चालताना साखर ओढून घेतो.

शिवाय काम करणारा स्नायू आयएल-६ नावाचा रेणू रक्तात सोडतो. २०१९ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. नुसती सायकल चालवणाऱ्यांची पोटातली चरबी घटली, पण ज्यांना आयएल-६ अडवणारं औषध दिलं होतं त्यांची तेवढाच व्यायाम करून घटली नाही. म्हणून 'हार्मोन बॅलन्स' करणारे चहा आणि थरथरणारे बेल्ट विकणाऱ्यांचा मला राग येतो, बेल्टने चरबी हलते, स्नायू स्वतः काही काम करत नाही.

आपल्याकडचा पुरावा चेन्नईचा आहे. डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला, त्यात आहार आणि चालणं सांभाळणाऱ्या गटाचं वजन खास उतरलं नाही, तरी डायबिटीस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काकूंना मी हेच सांगितलं.

व्यायामानंतर स्नायू साधारण २४ ते ४८ तास इन्सुलिनला जास्त दाद देतात, मग तो परिणाम ओसरतो, त्यामुळे फक्त रविवारी ट्रेक करून भागत नाही, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आणि जे इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात त्यांची शुगर याच कारणाने व्यायामानंतर, कधीकधी रात्री झोपेतही, फार खाली जाऊ शकते, तेव्हा चालणं वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला आणि खिशात थोडी साखर ठेवा.